सैल वायर

कॉलेजातल्या कॉम्प्युटर मंडळाचा गाडा माझी पोरगी एकटी ओढायची, तेही फुकटात. बक्षीस समारंभाआधी सर तिला म्हणाले, “आज प्रोजेक्टरच्या पडद्याचं काम तू बघू नकोस, पुढे बस.” ती हरखली. “बाबा, उत्तम नेतृत्वाचं बक्षीस मलाच असणार, तुम्ही याच!” मी गॅरेजला कुलूप ठोकलं, हाताचं ग्रीस घासघासून काढलं आणि जाऊन बसलो. ऐन नाव जाहीर होताना पडदा काळा पडला. सगळे बावचळले. “बेटा, तूच बघ गं,” सर म्हणाले. पोरगी वर गेली, सैल वायर अंगठ्यानं दाबली. नाव उमटलं. मंडळाच्या अध्यक्षाचं! फोटोपुरता उगवायचा तो बाब्या. तिनं माझ्याकडे पाहिलं. अंगठा उचलला की नाव गायब. “सोड गं,” मी पुटपुटलो. “घट्ट धर हं, फोटो व्हायचेत अजून,” सरांनी बजावलं. आणि माझ्या पोरीनं ती वायर घट्ट धरली.