एक पाऊल मागे

ज्याच्या अंगी पुढे जाण्याचे सामर्थ्य आहे, त्याने जाणूनबुजून एक पाऊल मागे राहावे, हे औदार्य मानावे की लाचारी, याचा निवाडा अवघड असतो. लालबागच्या शेवंतीबाईंनी मात्र तो केव्हाच केला होता, आणि शनिवारी सकाळी मुलापुढे चहा ठेवताना त्यांनी तो ऐकवूनही टाकला.

"आज जर त्या विनीतच्या मागे इलस, तर सोमवारपासून तुझा विद्यापीठ बंद."

अनिश बुटांच्या नाड्या बांधत होता. तो हसला आणि म्हणाला, की आज तू शर्यत पाहायला येच.

परळच्या ज्या गिरणीत शेवंतीबाईंच्या सासऱ्यांनी हयात घालवली, तिच्याच जागेवर आता ते खासगी विद्यापीठ उभे होते. तेथे शिकणे या घराच्या आवाक्यातले नव्हते. अनिशला प्रवेश मिळाला तो त्याच्या पायांमुळे. शाळेपासून त्याच्यापुढे कोणी धावले नव्हते. विद्यापीठाने त्याची फी माफ केली, त्या दिवशी शेवंतीबाईंनी सासऱ्यांच्या तसबिरीपुढे पेढा ठेवला होता.

पहिले वर्ष आनंदात गेले. दुसऱ्या वर्षी अनिशच्या बोलण्यात विनीत आला आणि निकालच पालटले. घरी आलेल्या मुलाला विचारावे, तर उत्तर ठरलेले असे: विनीत पहिला, मी त्याच्या मागोमाग.

विनीत शिवाजी पार्कचा, मोठ्या वकिलांचा मुलगा. संध्याकाळी अनिश धड्यामागून धडे मोठ्याने वाचून मोबाइलमध्ये भरी आणि त्याला पाठवी. श्रीमंताच्या पोराला पुस्तक उघडण्याचेही कष्ट नकोत, असे शेवंतीबाईंना वाटे. अनिश सांगे, की इंग्रजीची आपली धास्ती विनीतनेच घालवली. ऐकलेला धडा तो असा उलगडून सांगतो, की वर्गातही तसा कोणी सांगत नाही. त्या सांगण्यात इतकी कृतज्ञता असे, की आईचा संशय अधिकच घट्ट होई. एकदा वडिलांच्या ताटात वाटी ठेवताना तो सहज बोलून गेला, "आमटी तीनवर." रघुनाथरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. कँटीनमधली सवय, असे म्हणून अनिश लाजला.

मग एका सकाळी दादरला नणंदेकडे जाताना शेवंतीबाईंनी शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ ते दृश्य पाहिले. एक गाडी थांबली. अनिशने धावत जाऊन तिचे दार उघडले. आतून उतरलेल्या उंच मुलाने आपली पिशवी त्याच्या हाती दिली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान ताठ ठेवून तो मैदानाकडे चालू लागला. शेवंतीबाईंनी हाक मारली नाही. त्या तशाच पुढे गेल्या.

त्या दिवशी घरात आवाज चढला.

"तुझ्या आजोबांचो जन्म सायबाच्या मागसून चलण्यात गेलो. तू धावतानाय मागेच रवतलस?"

"आई, मी पुढे गेलो तर तो बाद होईल."

"होऊंदे. तुझा काय जाता?"

वातावरण हलके करावे म्हणून रघुनाथराव म्हणाले, "दुसरो इल्लो बरो. पेढे वाटूचे तरी वाचतत." त्या संध्याकाळी त्यांना चहा मिळाला नाही.

त्या मुलाला एकदा घरी घेऊन ये, दोन शब्द मीच सुनावते, असेही शेवंतीबाईंनी सांगून पाहिले. अनिशने दुसऱ्या दिवशी निरोप आणला: आईंनी आधी माझी शर्यत पाहावी, मग मला भेटावे, त्याआधी माझ्याविषयी त्यांना काही सांगू नकोस. घरी आपल्याविषयी काही सांगायचे नाही, असे वचनच त्याने अनिशकडून सुरुवातीला घेतले होते. आपल्या मुलाला हरताना पाहण्याचे हे आमंत्रण शेवंतीबाईंच्या जिव्हारी लागले.

शनिवारी दुपारी त्या विद्यापीठाच्या मैदानावर पोहोचल्या, तेव्हा शर्यत संपत आली होती. सारे प्रेक्षक उभे होते. माणसांच्या खांद्यांवरून त्यांना फक्त दोन डोकी दिसली, अगदी जवळजवळ धावणारी. बाकीचे बरेच मागे होते. विनीतला धाप लागली होती. अनिशचा श्वास मात्र सावकाश चालला होता, इतका की तो धावता धावता त्याच्याशी अखंड बोलत होता. येथेही हुजरेगिरी सुटली नाही, असे त्यांच्या मनात आले.

शेवटची रेषा जवळ आली आणि त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. अनिशचे डोके मुद्दाम जरासे मागे राहिले. विनीत छाती पुढे काढून रेषेपार गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

गर्दी सारत शेवंतीबाई मैदानात उतरल्या. शब्द तयार होते. माझ्या मुलाचे पाय तुला भाड्याने दिलेले नाहीत, असे त्या सुरुवातीलाच म्हणणार होत्या.

अनिशने त्यांना येताना पाहिले आणि विनीतच्या कानाशी काही सांगितले. विनीतचा चेहरा उजळला. शेवंतीबाईंच्या खांद्यापलीकडे कोठेतरी पाहत तो म्हणाला, "आई, तुमचा मुलगा भेटला नसता, तर मी आयुष्यभर नुसता चालतच राहिलो असतो."

आणि तो नमस्काराला वाकला. त्याचा हात शेवंतीबाईंच्या पावलांपासून वीतभर दूर, मातीवर टेकला आणि तेथेच चाचपडत राहिला. अनिशही त्याच्याबरोबर वाकला. दोघांची मनगटे एका आखूड दोरीने एकमेकांना बांधलेली होती. अनिशने विनीतचा हात हलकेच उचलून आईच्या पायांवर ठेवला.

धड्यांचा, तीनवरच्या आमटीचा आणि त्या मागे राहण्याचा अर्थ शेवंतीबाईंना एकदम उमगला: विनीतला दिसत नव्हते. त्यांनी दोन्ही मस्तकांवर हात ठेवले.

"औक्षवंत व्हा रे झिलांनो," त्या म्हणाल्या. "असेच जोडीन धावत रवा."