अठ्ठेचाळीस किलो

"अक्का, आज दोर मी धरू?"

व्यासराजच्या तोंडून हे निघाले आणि चढाईच्या सरावाच्या, प्लायवूडच्या तीस फुटी भिंतीसमोरची सारी मंडळी हसली. सत्त्याण्णवचा मे महिना; चेन्नईतल्या अड्यारमधले ते पत्र्याचे गोदाम भट्टीसारखे तापले होते. तीन महिने तो इथे नुसते दोर गुंडाळत होता.

"ती पंचाहत्तर किलोंची, रेल्वेसाठी गोळा फेकणारी. तू अठ्ठेचाळीस," भिंत उभारणारा हंबीरराव म्हणाला. "ती सुटली तर छपराला चिकटशील, तंबी!"

"धरू दे त्याला," म्हणत सकवारबाईने हातांना खडूची पूड चोळली, दोर पट्ट्यात आवळला आणि निघालीच.

दोर तिच्या कमरेपासून वरच्या कडीत जाऊन खाली व्यासराजच्या पट्ट्यात उतरला होता. ती भिंतीवरचा एक ठोकळा चढली की तो हातभर दोर ओढून घेई. तिच्या पोटऱ्यांची थरथर दोरातून त्याच्या कमरेत येत होती. दुसऱ्या देहाचे इतके बारीक वर्तमान त्याला आजवर कधी कळले नव्हते. त्या आनंदात, हलक्या माणसाने पट्ट्याला वाळूची गोणी अडकवायची असते, हेच तो विसरला.

शेवटून दुसऱ्या ठोकळ्यावर तिची घामेजली बोटे निसटली.

दोर ताणला. व्यासराजची पावले जमिनीवरून उचलली गेली. ती खाली, तो वर. दोराखालचा तळवा सोलून निघाला. मूठ उघडली नाही.

"अय्यो, गोणी!" हंबीरराव किंचाळला.

वरच्या कडीत दोर घासत वेग मोडला आणि भिंतीच्या मध्यावर, समोरासमोर, दोघे लोंबकळत थांबले.

"काय रे, तू कुठे निघालास?" सकवारबाई धापा टाकत हसली.

"तुम्हांला भेटायला, अक्का."

"हात?"

"घट्ट आहे."

तिने क्षणभर त्याच्या मुठीकडे पाहिले. "सरी, ठीक. मग मी पुन्हा चढते. तुझे पाय टेकले की सांग. म्हणजे मी पडले तिथवर पोचले. तेवढे पुरे आज."

तिने भिंत धरली. ती वीतभर चढली की तो वीतभर उतरे. खाली सगळे ओरडू लागले, "एरु, अक्का, एरु! चढ!"

त्याचे अंगठे जमिनीला लागले; मग टाचा.

वर एकच ठोकळा उरला होता. पाय टेकल्याचे व्यासराजने तिला सांगितलेच नाही. त्याने आणखी हातभर दोर ओढून घेतला.