सीतारामाचा मुलगा

सीतारामाला पुन्हा मुलगा झाला होता.

उत्तराने कपाळावर हात मारला. हा सीताराम तिच्या सासऱ्यांचा चुलत पणजोबा, शंभर वर्षांपूर्वी निपुत्रिक वारलेला. तरी घराण्याच्या कुलवृत्तान्तात, पान दोनशे बारावर, त्याच्या नावाखाली 'पुत्र रामा' हजर! ही ओळ तिने आत्तापर्यंत पाच वेळा काढून टाकली होती. आता बोला!

"अप्पा, परत आला हो तुमचा रामा."

सासरे, हरिहरअप्पा, खुर्चीतूनच हसले. "मशीन म्हातारं झालं गं. माझ्यासारखंच."

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत विंडोजचा तो जुना काँप्युटर अकरा वर्षं होता. नवरा गेल्यावर उत्तराने त्यावरच लग्नपत्रिका, स्मरणिका जुळवून घर चालवलं. त्यातला मराठी फाँट टाइपरायटरच्या कळांवर चालायचा, तीच अक्षरं त्याच जागी. त्या कळा तिला शिकवल्या अप्पांनीच. मोहने गावच्या कारखान्यात तीस वर्षं टायपिस्ट होते ते. "नजर कागदावर, बोटं आपोआप," असं बजावायचे. पण काँप्युटरचं नाव काढलं की हात जोडत. "तो चालू कुठून करतात तेही मला ठाऊक नाही बाई."

पुण्यात मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाने उत्तराला नोकरी देऊ केली होती. तिचा मुलगा शौनकही तिथेच शिकत होता. सगळं काम मॅकवर, हजर व्हायचं एक तारखेला. अप्पांना सोबत न्यायला ती तयार होती, पण ते ठाणं सोडायला तयार नव्हते. आणि तिने त्यांना शब्द दिलेला. "कुलवृत्तान्त तेवढा हातावेगळा कर, मग तू मोकळी," असं तेच म्हणाले होते.

त्या शब्दाला दोन वर्षं झाली. आज दुरुस्त केलेलं उद्या परत चुकलेलं. कुणाचं जन्मसाल बदललेलं, कुणाची सून दुसऱ्याच घरात नांदतेय. आपणही याच पुस्तकात चिकटून बसलोय, मरेपर्यंत सुटका नाही, असं वाटून तिचा जीव घुसमटायचा.

शनिवारी शौनक आला तो सेकंडहँड मॅक घेऊनच.

"आई, सोड ना हा डबा! फाइलच करप्ट झालीय. मी सगळा मजकूर यावर नव्या फाँटात आणून देतो."

"अरे, पण यावर अक्षरांच्या जागाच वेगळ्या."

"मग शीक ना. तिकडे हेच वापरायचंय."

"घाई कशाला?" अप्पा म्हणाले. "ओळखीचं आहे ते बरं. नव्यावर सगळंच बिघडलं तर?"

दोन दिवस ती दोन्ही मशीनसमोर आळीपाळीने बसली. जुन्यावर बोटं धावायची. नव्यावर एकेक अक्षर शोधताना रडू यायचं. शेवटी तिने मन घट्ट केलं आणि मॅक धरला. सगळी पानं पहिल्यापासून तपासली. आठवडा गेला, एकही चूक परत आली नाही.

"बघा अप्पा, मशीनच नाठाळ होतं! उगाच दोन वर्षं स्वतःला दोष देत बसले."

त्या दिवशी अप्पांनी चहा अर्धाच घेतला.

गुरुवारी फाइल छापखान्यात पाठवायची होती. उत्तरा खाली जाऊन पेढे घेऊन आली. अप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. तिने सवयीने पान दोनशे बारा उघडलं.

सीतारामाच्या नावाखाली एक ओळ होती. नुसती अक्षरं, ना शेंडा ना बुडखा.

हेही मशीन बिघडलं की काय! की कुणाची बोटं फिरली? ती अक्षरं मॅकवर कोणत्या कळांनी उमटतात ते तिने एकेक करून शोधलं आणि कागदावर लिहून घेतलं. मग जुना काँप्युटर चालू केला, आणि त्याच कळा त्याच क्रमाने दाबल्या.

पडद्यावर उमटलं, 'पुत्र रामा'.