चार पोती जैतून

फाटक उघडायची वेळ टळून गेली, तरी लष्कराची किल्लीवाली जीप आली नव्हती. कुंपणाच्या कडेने गावातली माणसं बसून होती; शिड्या आडव्या टाकलेल्या, गाढवं सावलीला. चिडत कुणीच नव्हतं. चिडायलाही अंगात जोर लागतो.

ड्रोरा कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होती. ती आणि तिच्यासारख्या काही इस्रायली बाया तेल अवीवहून पहाटे गाडी हाकत इथे येत. फाटक कधी उघडलं, कुणाला सोडलं, कुणाला माघारी धाडलं हे बघायचं, आणि कुणी अडलं तर लष्कराच्या कचेरीशी भांडायचं. त्याने फार काही होत नसे. पण घरी बसून तेवढंही होत नाही.

"जीप निघालीय म्हणतात," ती म्हणाली.

"ती पहाटेपासून निघतेच आहे," अबू तहसीन म्हणाला. "माझ्या गाढवाने एवढा वेळ लावला असता तर विकून टाकलं असतं."

उम्म वासिफ दगडावर पाय पसरून बसली होती. सत्तरी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले. नवरा वारलेला, मुलांना पलीकडे जायचा परवाना नाही. इस्रायली लष्कराने कुंपण घातल्यापासून पलीकडे अडकलेल्या जमिनीवर ती एकटीच जायची.

"या वर्षी तरी घरी बसायचंस," ड्रोरा म्हणाली.

"कसं बसू, पोरी?" साठी ओलांडलेल्या ड्रोराला पोरी म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. "माणूस फिरकलं नाही की जमीन बेवारस ठरवतात. मग माझी मुलं कुठे जाणार?"

"बहर कसा आहे?"

"फांद्या वाकल्यात. सासऱ्याच्या आज्याने लावलेली झाडं ती. तुझ्या-माझ्या कवेत मावायची नाहीत."

"वाकल्यात म्हणे!" अबू तहसीन घसा खाकरून थुंकला. "आमच्याच मेल्या का वाकत नाहीत?"

"तुझी झाडं तुझ्यावर गेलीत. कंजूष."

दोघा-चौघांना हसू आलं. तेवढ्यात धूळ उडवत जीप आली.

सैनिक एकेकाचं परवान्याचं कार्ड बघून सोडत होता. उम्म वासिफचं मात्र त्याने खिशात टाकलं. "कचेरीचा हुकूम आहे. ही दरवर्षी जेमतेम एक पोतं घेऊन येते. पीक नाही तर परवाना कशाला?"

म्हातारीने पुढे केलेला हात तसाच राहिला. बोलली ती ड्रोरा. सैनिकाशी बोलली, मग फोनवर त्याच्या साहेबाशी, मग त्या साहेबाच्या साहेबाशी.

"फळांनी लगडलीत झाडं! एकटी बाई, कितीसं उतरवणार? आज सोडलं नाहीत तर सगळं मातीत जाईल." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ड्रोराचा पारा चढला. "चार पोती! संध्याकाळी इथेच मोजून घ्या. माझा शब्द आहे."

साहेबाने शब्द पकडला. चार पोती दिसली तर परवाना पुढे चालू. नाहीतर कार्ड जमा, पुन्हा मागायला यायचं नाही.

ड्रोरा धापा टाकत परतली. "सुटलं बाई एकदाचं!"

उम्म वासिफच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "चार?"

"तूच म्हणालीस ना, फांद्या वाकल्यात?"

"म्हणाले खरी."

"आकडा बोलायला कुणी सांगितलं होतं तुला?" अबू तहसीन ड्रोरावर खेकसला.

"मी निदान बोलले तरी. तुम्ही सगळे गप्पच होतात."

त्याने गाढवाला टाच मारली.

"मी येते उतरवायला," ड्रोरा म्हणाली.

"नको, नको." म्हातारीने तिचा हात घट्ट धरला. "तुझी कंबर आधीच धरलेली. तू आपलं फाटक सांभाळ."

माणसं पलीकडे गेली, फाटकाला कुलूप लागलं. ड्रोरा गाडीत जाऊन बसली, पण तिला चैन पडेना. एवढी वर्षं ती या फाटकावर येत होती, पण पलीकडे एकदाही गेली नव्हती. त्यांचं काम फाटकापुरतं. आता तोंडाला येईल ते बोलून आपण एका म्हातारीच्या गळ्यात चार पोती अडकवली, याची तिला मनापासून लाज वाटली. तिने गावातल्या दुकानातून जैतून ओरबाडायचा पंजा विकत घेतला आणि गाडी लष्कराच्या मोठ्या नाक्यावरून वळवली. तिथे गाडीची इस्रायली नंबरपाटी बघूनच वाट मोकळी झाली. कुणी कार्ड विचारलं नाही.

डांबरी रस्ता संपला तिथे तिने गाडी सोडली. दोन खडकांमधून वर चढायचं, मग टेकडीपलीकडे उतरायचं. उम्म वासिफने हजारदा सांगितलेली वाट. चढताना कंबर बोंबलत होती. पण म्हातारीचा चेहरा कसा खुलेल या विचाराने ती चढत राहिली.

माथ्यावर येऊन तिने खाली पाहिलं. उतारावर ओळीने जळकी खोडं होती, गुडघ्याएवढी उरलेली, आणि त्यांच्या पोटातून हातभर गवत वर आलं होतं. उभं झाड एकही नव्हतं. मधोमध अंथरलेल्या चादरीवर उम्म वासिफ बसली होती आणि सकाळच्या रांगेतली माणसं एकामागून एक येऊन आपापल्या शेतातून भरून आणलेल्या बादल्या तिच्यापुढे रिकाम्या करत होती. ती त्यातली फळं पोत्यात भरत होती. अबू तहसीनने गाढवावरचं आपलं अख्खं पोतं उतरवून तिच्यापुढे ओतलं, वळला, आणि पंजा घेऊन उभ्या असलेल्या ड्रोराला पाहून ओरडला, "एक पोतं आम्ही दरवर्षी भरून देतोच. वरची तीन तुझ्या जिभेची. आता निदान पोतं धरायला तरी ये."