व्यसन : नाही

मोडलेल्या पायाच्या ऑपरेशनसाठी बाबांना भरती करताना डॉक्टरांनी विचारलं, "दारू वगैरे घेता?" बाबा खरं सांगायला तोंड उघडणार, तोच लेकीने शेजारी उभ्या असलेल्या आपल्या सासूबाईंकडे बघत बाबांचा हात दाबला. "छे हो डॉक्टर! बाबा चहासुद्धा मोजून घेतात."

ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी मात्र बाबांचे हात थरथरू लागले. "चादरीवरच्या मुंग्या झटक गं," ते ओरडायचे आणि ती स्वच्छ पांढरी चादर झटकत राहायची. डॉक्टर अंगातल्या तापाचं कारण शोधत राहिले. चौथ्या दिवशी झटके आले, तेव्हा तिने डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं.

"रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की असं होतं," डॉक्टर म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगायचंत हो. तेव्हाच औषध सुरू केलं असतं."

संध्याकाळी बाबा गेले.

घरी आईने तिला जवळ घेतलं आणि डोळे पुसत म्हणाली, "एवढंच समाधान बघ, पोरी. शेवटचे चार दिवस तरी थेंबाला शिवले नाहीत."