एक नंबरचा पट्टा

पडद्याआड अनुजाने झटकन पट्टे बदलले. एक नंबरचा आईच्या छातीला, दोन नंबरचा स्वतःच्या. आईचा चष्मा बाहेर पर्समध्ये राहिला होता, तिला आकडे दिसणारच नव्हते.

"एवढा घट्ट नको गो, जीव कोंडतो," आई म्हणाली.

"घट्टच लागतो. मेघनाताईने सांगितलंय."

मेघनाताई त्यांच्याच लालबागच्या चाळीतली, खालच्या मजल्यावरची. मानसशास्त्राच्या एम.ए.साठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मायलेकींच्या हृदयाचे ठोके मोजत होती. मन निवांत असलं की दोन ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त होत राहतं, आणि भीती वाटली की ते घड्याळासारखं एकसारखं होत जातं म्हणे. मुलीने अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायचं, आईने काचेपलीकडे बसायचं. बस, एवढंच.

एवढंच कसलं डोंबलाचं! अनुजाला केव्हाच वास लागला होता. गेल्या वर्षी शाळेच्या स्टेजवर तिची बोबडी वळली होती. यंदा मात्र आंतरशालेय स्पर्धेसाठी बाईंनी तिलाच निवडलं होतं. फक्त आईची सही बाकी होती. आणि आईने नेमकं आत्ताच म्हणावं, "मेघनाचं मशीन काय म्हणतं ते बघू, मग सही"? काल दोघी जिन्यात कुजबुजत होत्या. अनुजा आली तशा गप्प झाल्या. म्हणजे सगळं आधीच ठरलेलं! मशीन म्हणणार, पोरगी घाबरट. आई म्हणणार, बघ.

मग मशीनलाच गंडवायचं. आईसारखं थंड काळीज अख्ख्या चाळीत कुणाचं नव्हतं. गेल्या वर्षी अनुजा रडत स्टेजवरून उतरली, तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती, "चल, भूक लागली असेल." ते काळीज अनुजाच्या नावावर लागलं की सही पक्की!

परीक्षक मख्ख चेहऱ्याने बसले होते. सांगितल्याप्रमाणे अनुजा आधी पाच मिनिटं गप्प बसली, मग तिने भाषण ठोकलं. काचेपलीकडे आई चक्क जांभया देत होती. बघा!

मेघनाताईने कॉम्प्युटरवर दोन्ही आलेख उघडले. "बोलताना श्वास बदलतो, म्हणून आपण भाषणाआधीचा गप्प बसायचा वेळच धरतो," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. "अनुजा, एक नंबर तुझा ना? खूप ताण आहे गं. आणि काकू, तुम्ही तर चौपाटीवर वारा खात बसल्यासारख्या!"

"नकोच ती स्पर्धा," आई पुटपुटली.

अनुजाने आईकडे पाहिलं. ओढणीचं टोक पिळून पिळून तिने त्याची दोरी केली होती.

"ताई, एक नंबरचा आईला बांधलाय. मीच बदलले."

"अगं माझा डेटा!" मेघनाताई किंचाळली. मग एकदम थांबली. "काकू... म्हणजे त्या जांभया घाबरून येत होत्या? म्हणून काल जिन्यात स्वतःसाठी विचारत होतात? धडधडीवर काही औषध असतं का ते?"

आईने पर्समधून चष्मा काढून लावला आणि कितीतरी वेळ एक नंबरचा आलेख बघत राहिली. मग पेन काढलं.

"करते सही," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मला तिथे बोलावू नको."