पुरलेल्या हाताची मूठ

डोंगरकडा गावच्या गुऱ्हाळात सोनाजी चरकात ऊस सारत होता, तेव्हा गुऱ्हाळाचा मालक उकंडराव देशमुखाने मुद्दाम बैलांवर आसूड ओढला. सोनाजीने वेठीला नाही म्हटल्याची ती शिक्षा होती. सोनाजीचा हात चरकात सापडला. दवाखान्यात तो कोपरापासून कापला. बायकोने, पार्वतीबाईने, तो गुऱ्हाळाशेजारच्या बांधावर लिंबाखाली पुरला.

तेव्हापासून उकंडरावाला घास गिळता येईना, बोलताही येईना. आणि सोनाजी नसलेल्या पंजाच्या कळांनी ओरडायचा, "बोटं आवळून राहिलीत, पार्वते! नखं तळव्यात रुतून राहिलीत!"

तांड्यावरची रूपाबाई झाडपाला द्यायची. तिने विचारलं, "पुरताना मूठ मिटलेली व्हती का?"

"व्हय," पार्वतीबाई म्हणाली.

"मंग उकरा अन् बोटं सरळ करा. तकलीफ जाईल."

भर दुपारी पार्वतीबाईने माती उकरली. सोनाजी शेजारी बसला होता. हात वाळून काळा पडला होता, पण मूठ गरम होती.

तिने एक बोट सोडवलं. मग दुसरं. मुठीत काहीच नव्हतं, तरी कुणी आवंढा गिळावा तसं काहीतरी तिच्या बोटांना लागून वरखाली झालं.

"थांबली कळ," सोनाजी म्हणाला.

तेवढ्यात गुऱ्हाळातून उकंडरावाचा घोगरा आवाज आला, "पाणी... पाणी द्या रे!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पार्वतीबाईने बोटं पुन्हा मिटवली आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी दाबली. सोनाजी कळवळून ओरडला. गुऱ्हाळातला आवाज तुटला.

"सोडू का?" तिने विचारलं.

सोनाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "न्हाई," तो म्हणाला. "अजून आवळ."